'सायलेंट हिल'मधला मुका पियानो: मिडविच शाळेचं कोडं पहिल्यांदा सोडवणाऱ्यांसाठी

१९९९ साली पहिल्या प्लेस्टेशनवर आलेला 'सायलेंट हिल' हा भयकथेचा गेम आज नव्याने खेळायला घेणारे बरेच जण आहेत. २०२४ मध्ये दुसऱ्या भागाचा रीमेक आला, २०२५ मध्ये गेमची कंपनी कोनामीने पहिल्या भागाचाही रीमेक जाहीर केला. साहजिकच मूळ गेम एकदा तरी पाहावा असं अनेकांना वाटतं. ते सुरुवात करतात, धुक्यातले रस्ते पार करतात, मिडविच शाळेत पोचतात आणि संगीताच्या खोलीतल्या पियानोपाशी कंट्रोलर खाली ठेवतात. मग इंटरनेटवर उत्तर शोधून, कुठल्या पट्ट्या दाबायच्या ते बघून पुढे जातात. मला हे वाईट वाटतं, कारण पुढचा सगळा गेम कसा वाचायचा हे शिकवणारी जागा हीच आहे. इथे उत्तर चोरलं तर पुढे प्रत्येक कोड्याला चोरावं लागतं.

म्हणून या लेखात आधी वाट आणि इशारे दिले आहेत, उत्तर नंतर. कुठे थांबायचं ते मी मधे सांगेन.

शाळेच्या दारापर्यंत

गेमचा नायक हॅरी मेसन आपल्या शेरिल नावाच्या मुलीला शोधत सायलेंट हिल या गावात फिरतो आहे. गाडीचा अपघात, गल्लीतलं ते पहिलं भयानक दृश्य, मग कॅफेमध्ये पोलीस अधिकारी सिबिल बेनेटची भेट, एवढं सगळ्यांना आपोआप घडतं. कॅफेतून निघताना टॉर्च, सुरी आणि गावाचा नकाशा उचलला आहे ना, हे तपासा. शेरिलच्या चित्रवहीच्या पानांवरून शाळेचा सुगावा लागतो, पण तिथवरचे रस्ते तुटलेले असतात. लेव्हिन स्ट्रीटवरच्या कुत्र्याच्या खुराड्यात एका घराची किल्ली सापडते आणि त्या घराच्या मागच्या दाराला तीन कुलपं असतात. त्यांच्या तीन किल्ल्या गावभर पसरलेल्या. हा भाग म्हणजे निव्वळ पायपीट आहे, डोकं फारसं लागत नाही. घरातल्या भिंतीवरचा नकाशा नीट पाहिलात तर कुठे जायचं ते कळतं. मागच्या अंगणात पाऊल टाकलं की अचानक रात्र होते आणि टॉर्च पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कामी येते.

शाळेत शिरल्यावर पहिलं काम कोणतं, यावर माझं ठाम मत आहे: नकाशा. स्वागतकक्षात शाळेचा नकाशा मिळतो. तो घेतल्याशिवाय कॉरिडॉरमध्ये भटकू नका. या गेममध्ये हॅरी स्वतः नकाशावर खुणा करत जातो. कुलूपबंद दार, मोडलेलं दार, महत्त्वाची जागा, सगळं लाल रंगात नोंदलं जातं. नकाशा नसेल तर या नोंदी होत नाहीत आणि तुम्ही त्याच बंद दाराशी तीन वेळा जाता. एक गोष्ट आपल्याकडच्या खेळाडूंना हमखास गोंधळात टाकते. नकाशा अमेरिकन पद्धतीचा आहे. त्यातला 'फर्स्ट फ्लोअर' म्हणजे आपला तळमजला आणि 'सेकंड फ्लोअर' म्हणजे आपला पहिला मजला. कुणा मित्राने 'दुसऱ्या मजल्यावर जा' म्हटलं तर तो कुठल्या हिशेबाने बोलतोय ते विचारा.

स्वागतकक्षाशेजारच्या आरोग्यखोलीत गेम सेव्ह करायची जागा आहे. शाळेत फिरताना दर मोठ्या टप्प्यानंतर तिथे परत यायची सवय लावा.

राक्षसांबद्दल थोडक्यात. अमेरिकेतल्या आवृत्तीत इथे राखाडी रंगाची, सुरी घेतलेली मुलं भेटतात. युरोप आणि जपानच्या आवृत्त्यांत त्यांच्या जागी दुसरे बुटके प्राणी घातले गेले, कारण लहान मुलांच्या आकाराच्या शत्रूंना मारणं तिथे खटकलं. आपल्याकडे कुठली प्रत आली आहे त्यावर तुम्हाला काय दिसेल ते ठरतं. दोघांशीही वागायची पद्धत एकच. खिशातला रेडिओ खरखरायला लागला की कुणीतरी जवळ आहे. एकटा प्राणी असेल तर गल्लीत मिळालेला लोखंडी पाइप पुरतो, गोळ्या वाचवा. तीन-चार एकदम आले तर टॉर्च बंद करून बाजूने निघून जा. उजेड नसला की त्यांचं तुमच्याकडे लक्ष कमी जातं. मात्र अंधारात हॅरीला नेमही नीट धरता येत नाही आणि नकाशाही वाचता येत नाही, तेव्हा हा उपाय पळण्यापुरता.

तीन टिपणं आणि एक घड्याळ

स्वागतकक्षातच रक्ताने लिहिलेली तीन टिपणं वाचायला मिळतात. बहुतेक जण ती चाळून पुढे जातात, कारण ती कवितेसारखी आहेत आणि पहिल्या वाचनात त्यांचा काहीही अर्थ लागत नाही. थांबा. वही घ्या. प्रत्येकात एक वेळ आहे, एक जागा आहे आणि एक काम आहे.

पहिलं टिपण दहा वाजताचं. जागा किमयागाराची प्रयोगशाळा. म्हाताऱ्याच्या तळहातात सोनं आहे, त्याच्या मुठीत भविष्य लपलंय, ते ज्ञानी माणसाच्या पाण्याच्या बदल्यात मिळेल, असं काहीसं.

दुसरं बारा वाजताचं. जागा गाण्याची आणि आवाजांची. रुपेरी वाटाड्या आहे, तो हरवलेल्या जिभांमध्ये दडलाय आणि ठरलेल्या क्रमाने त्याला जागं करायचंय.

तिसरं पाच वाजताचं. गुदमरवणाऱ्या उष्णतेचा अंधार. ज्वाळा शांतता मोडतील, भुकेला प्राणी जागा होईल, काळाचं दार उघडेल.

आता शाळेच्या मधल्या चौकात जा. तिथे एक क्लॉक टॉवर उभा आहे आणि त्याचं घड्याळ दहावर थांबलेलं आहे. टॉवरला दार आहे, पण ते उघडत नाही. बाजूंना गोल पदक बसेल अशा दोन खोबणी आहेत. एवढं पाहिलंत की सांगाडा उलगडतो: घड्याळात जी वेळ आहे, त्या वेळेचं टिपण सध्या चालू आहे. दहा वाजलेत, म्हणून आधी प्रयोगशाळा. पुढे काय करायचं हे विसरलात तर कुणालाही विचारायची गरज नाही, चौकात येऊन घड्याळ बघायचं. मला ही रचना फार आवडते. इतर गेम पडद्याच्या कोपऱ्यात बाण दाखवतात, इथे ते काम शाळेतलं घड्याळ करतं, तेही शाळेच्या स्वभावाला धरून.

म्हाताऱ्याची मूठ

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत टेबलावर एका हाताचा पुतळा आहे, मूठ घट्ट मिटलेली. आत काहीतरी आहे हे दिसतं, पण काढता येत नाही. शेजारच्या सामानाच्या खोलीत कपाटात रसायनाची बाटली आहे. ती आणून मुठीवर वापरली की हाताचा भाग विरघळतो आणि सोनेरी पदक मिळतं. 'ज्ञानी माणसाचं पाणी' ते हेच.

खरं सांगायचं तर हे कोडं साधं आहे आणि मुद्दाम साधं आहे. कुठल्या भाषेत कोडी घातली जाणार आहेत याची ही तोंडओळख. टिपणातला 'म्हातारा' म्हणजे पुतळा, 'पाणी' म्हणजे ॲसिड. शब्द गूढ, वस्तू मात्र शाळेतल्याच. ही खूणगाठ बांधून ठेवा. पुढच्या दोन्ही टिपणांनाही ती लागू पडते.

पदक चौकातल्या खोबणीत बसवा. काटे सरकतात आणि बारा वाजतात. आता दुसरं टिपण.

संगीताची खोली

खोलीत पियानो आहे, त्याच्या पट्ट्यांवर रक्त आहे आणि फळ्यावर एक कविता आहे. तिचा मथळा साधारण 'आवाज नसलेल्या पक्ष्यांची गोष्ट' असा. पियानो तपासला की कॅमेरा जवळ जातो, पट्ट्या दिसतात आणि हाताच्या आकाराचा कर्सर हलवून एकेक पट्टी दाबता येते.

इथे पहिल्यांदा खेळणारा माणूस जे करतो ते अगदी स्वाभाविक आहे. तो सूर वाजवायला लागतो. पियानो दिसला म्हणजे धून शोधायची, असा आपला समज. किंवा रक्ताकडे बघून, जिथे डाग जास्त तिथे दाबायचं असं ठरवतो. दोन्हींतून काही निघत नाही. रक्त तुम्हाला घाबरवायला आहे, त्यातून क्रम शोधत बसू नका.

कविता काय सांगते ते माझ्या शब्दांत:

सगळ्यात आधी हावरा पेलिकन उडाला, बक्षिसासाठी उतावीळ, पांढरे पंख फडफडवत.
मग आलं मुकं कबुतर, पेलिकनच्याही पुढे, जाता येईल तितकं लांब.
मग डोमकावळा आला, कबुतरापेक्षा उंच उडाला, नुसता आपला तोरा दाखवायला.
मग हंस तरंगत आला, शांत जागा शोधत, दुसऱ्या एका पक्ष्याच्या शेजारी बसला.
शेवटी कावळा निघाला, झटकन थांबला, जांभई देऊन डुलकी काढू लागला.
आणि अखेरीस प्रश्न: वाट कोण दाखवील, रुपेरी बक्षिसाकडे कोण नेईल?

ही कविता एकटी वाचली तर अर्धीच कळते. तिच्याशेजारी बारा वाजताचं टिपण ठेवा. तिथे 'हरवलेल्या जिभा' होत्या, इथे 'आवाज नसलेले' पक्षी आहेत. तिथे 'ठरलेला क्रम' होता, इथे 'आधी', 'मग', 'शेवटी' आहे. तिथे 'रुपेरी वाटाड्या', इथे रुपेरी बक्षीस. दोन कागद एकमेकांना साक्ष देतात. शाळेच्या दोन वेगळ्या खोल्यांत ठेवलेली वाक्यं जोडायची, हेच या गेमच्या कोड्यांचं मर्म आहे आणि म्हणूनच ती टिपणं वहीत लिहायला सांगितली होती.

ज्यांना उत्तर स्वतः काढायचंय त्यांनी इथेच थांबून गेमकडे परत जावं. हातात तीन प्रश्न घेऊन जा. आवाज नसलेलं असं या पियानोत काय आहे? पक्ष्यांचा रंग काय? आणि कवितेत कोण कोणाच्या पुढे, वर किंवा शेजारी आहे? या तिघांची उत्तरं मिळाली की काम झालं.

मुक्या पट्ट्या शोधणं

पुढे जाणाऱ्यांसाठी: पियानोच्या काही पट्ट्या वाजतच नाहीत. दाबल्या जातात, पण आवाज येत नाही. त्याच आपल्या आवाज नसलेल्या जिभा. वाजणाऱ्या पट्ट्यांचा या कोड्याशी काहीही संबंध नाही.

हे शोधायची माझी पद्धत कंटाळवाणी आहे पण चुकत नाही. कागदावर पट्ट्या काढा. आधी पांढऱ्या, मग त्यांच्या मधे काळ्या. काळ्या पट्ट्या दोनाच्या आणि तीनाच्या गटांत असतात, ते गट जसे दिसतात तसे काढले की पुढे आपण कुठे आहोत हे चुकत नाही. मग डाव्या टोकापासून सुरुवात करून एकेक पांढरी पट्टी दाबा आणि जी वाजणार नाही तिच्यावर फुली मारा. पांढऱ्या संपल्या की त्याच पद्धतीने काळ्या. शंका आली तर दोनदा दाबा, कारण कर्सर दोन पट्ट्यांच्या सीमेवर असेल तर शेजारचीच दाबली जाते आणि आपण नको त्या पट्टीवर फुली मारून बसतो. काळ्या पट्ट्या अरुंद असल्याने तिथे हे जास्त होतं.

यासाठी आवाज लागतो, हे वेगळं सांगायला नको, पण रात्री घरचे उठतील म्हणून टीव्हीचा आवाज बंद करून खेळणाऱ्यांची संख्या कमी नाही. हेडफोन लावा. बाकी गेममध्येही अकिरा यामाओका यांचं ध्वनिकाम इतकं महत्त्वाचं आहे की आवाज बंद ठेवून हा गेम खेळण्यात अर्थ नाही. मात्र ज्यांना ऐकू कमी येतं त्यांच्यासाठी हे कोडं सरळसरळ अन्यायाचं आहे. ऐकल्याशिवाय मुकी पट्टी ओळखायचा मार्ग गेमने दिलेला नाही. अशा वेळी शेजारी कुणाला तरी बसवून 'वाजली की नाही' एवढंच सांगायला सांगा, बाकी कोडं तुमचं तुम्ही सोडवू शकता.

शेवटी हाती पाच फुल्या उरतात: तीन पांढऱ्या पट्ट्यांवर, दोन काळ्या पट्ट्यांवर. पाच पक्षी, पाच पट्ट्या. इथे हायसं वाटतं, कारण आता अंदाज करायला फार जागाच उरत नाही.

पक्षी बसवणं

आधी रंग. पेलिकन, कबुतर, हंस हे पांढरे. डोमकावळा आणि कावळा काळे. कबुतराबद्दल आपल्याकडच्या खेळाडूचा गोंधळ होऊ शकतो, कारण आपल्या इमारतींच्या सज्जांवर बसणारं कबुतर राखाडी असतं. इथे शांततेचं प्रतीक म्हणून काढतात ते पांढरं कबुतर अपेक्षित आहे. पेलिकन प्रत्यक्षात पाहिलेला नसला तरी कवितेतच त्याचे पांढरे पंख सांगितलेत, तोच सगळ्या रंगाच्या युक्तीचा इशारा. तीन पांढरे पक्षी, तीन पांढऱ्या मुक्या पट्ट्या. दोन काळे पक्षी, दोन काळ्या. आकडे जुळतात, म्हणजे विचार बरोबर चाललाय.

आता जागा. 'पुढे', 'उंच' हे पियानोवर कसं वाचायचं? ज्याने भजनाच्या पेटीवर एकदा तरी बोटं फिरवलीत त्याला हे लगेच कळेल: डावीकडून उजवीकडे जाताना सूर चढत जातो. खर्ज डावीकडे, तार उजवीकडे. पियानोही तसाच. म्हणजे पुढे जाणं म्हणजे उजवीकडे जाणं आणि उंच जाणं म्हणजेही उजवीकडे जाणं. एवढं धरून एकेक पक्षी घ्या.

पेलिकन सगळ्यात आधी निघतो. त्याची सुरुवात डाव्या बाजूला. तीन पांढऱ्या मुक्या पट्ट्यांपैकी सगळ्यात डावीकडची ती पेलिकनची.

कबुतर पेलिकनच्या पलीकडे, जमेल तितकं लांब. तीनपैकी सगळ्यात उजवीकडची पांढरी मुकी पट्टी. याबद्दल वाद नाही.

डोमकावळा कबुतरापेक्षा उंच. तो काळा आहे, तेव्हा दोन काळ्या मुक्यांपैकी उजवीकडची. कबुतराच्या पट्टीशी ताडून पाहा, उजवीकडे काळी मुकी एकच सापडेल.

हंस दुसऱ्या पक्ष्याच्या शेजारी. पांढऱ्यांपैकी एकच उरली आहे, आणि ती पेलिकनच्या शेजारी आहे. गणिताच्या परीक्षेत उरलेला पर्याय निवडावा तसं इथे विचार न करताही उत्तर मिळतं, पण कवितेशी जुळतंय हे पडताळून बघण्यात मजा आहे.

कावळा लगेच थांबतो, फार लांब जातच नाही. उरलेली काळी मुकी पट्टी, म्हणजे डावीकडची.

आता क्रम कवितेचाच: पेलिकन, कबुतर, डोमकावळा, हंस, कावळा. म्हणजे डावीकडची पांढरी, उजवीकडची पांढरी, उजवीकडची काळी, मधली पांढरी, डावीकडची काळी. अर्थात हे सगळं फक्त मुक्या पट्ट्यांमध्ये मोजायचं आहे, पूर्ण पियानोवर नाही. ही एवढी एक गोष्ट विसरून कित्येक जण पियानोच्या अगदी टोकाच्या पट्ट्या दाबत बसतात.

पाचही वेळा आवाज येणार नाही. हे पहिल्यांदा फार विचित्र वाटतं. पियानोसमोर बसून पाच वेळा दाबायचं आणि काहीच ऐकू येऊ नये. कोडी घालणाऱ्यांनी इथे खेळाडूच्या सवयीवरच डाव साधलाय. आपण नेहमी जे आहे ते शोधतो, इथे जे नाही ते मोजायचं. पुढे या गेममध्ये एखादं चित्र, एखादी यादी, एखादी खोली समोर आली आणि काही सुचेना, तर आधी हे विचारून पाहा की यात काय असायला हवं होतं आणि नाहीये.

नाही जमलं तर

बरोबर दाबूनही काही घडलं नाही, असं वाटलं तर पियानोच्या जवळच्या दृश्यातून बाहेर या आणि नव्याने सुरुवात करा. मधे एखादी वाजणारी पट्टी चुकून दाबली गेली असेल तर क्रम मोडतो. पाच दाबांच्या मधे कर्सर हलवताना बटणावरचं बोट उचलून ठेवा.

मुक्या पट्ट्या पाचऐवजी चार किंवा सहा निघाल्या असतील, तर यादी चुकली आहे. पुन्हा डावीकडून तपासा. पाचच असतील आणि तरीही जमत नसेल, तर पेलिकन आणि हंस यांची अदलाबदल करून बघा. हे दोघे एकमेकांच्या शेजारी असल्याने नोंदवताना इथेच गडबड होते. काळ्या दोघांत शंका उरत नाही, एक उजवीकडे, एक डावीकडे.

आणखी एक: घाई. ही खोली अंधारी आहे, कॉरिडॉरमध्ये काहीतरी फिरतंय हे तुम्हाला माहीत असतं आणि भीतीमुळे माणूस मोजायचं सोडून दाबायला लागतो. आत शिरल्यावर आधी खोली नीट बघून घ्या, रेडिओ शांत आहे याची खात्री करा, मग गेम पॉज करून चहा घ्या हवं तर. कोड्याला वेळेची मर्यादा नाही. केइचिरो तोयामा यांच्या दिग्दर्शनाखाली कोनामीच्या टीम सायलेंट या गटाने हा गेम बनवला तेव्हा जुन्या प्लेस्टेशनच्या मर्यादांमुळे लांबचं काही दाखवणं अवघड होतं. धुकं आणि अंधार यांनी ती मर्यादा झाकली आणि भीतीही वाढवली. पण ती भीती तुमच्या वहीतल्या फुल्यांना लागू होत नाही.

कोडी जास्त सोपी किंवा कठीण करायची सोय या भागात नाही. मेनूमधली पातळी मारामारीची आहे, कोड्यांची नाही. कोड्यांची वेगळी पातळी दुसऱ्या भागापासून आली. तेव्हा 'ईझी'वर खेळताय म्हणून पियानो सोपा होईल असं समजू नका, आणि 'हार्ड'वर खेळताय म्हणून तो अवघडही होत नाही.

पाच वाजता

पियानोचं कोडं सुटून रुपेरी पदक मिळालं की चौकातल्या उरलेल्या खोबणीत ते बसवा. घड्याळ पाचवर येतं. तिसरं टिपण आता वाचून बघा: गुदमरवणारी उष्णता, ज्वाळा, भुकेला प्राणी. पहिल्या टिपणातून शिकलेला नियम आठवा. शब्द गूढ, वस्तू शाळेतली. शाळेत ज्वाळा कुठे असतील? तळघरात, बॉयलरपाशी. तो प्राणी म्हणजे बॉयलर. तो सुरू करून चौकात परत आलात की टॉवरचं दार उघडलेलं असतं आणि आत खाली उतरणारी शिडी दिसते. हा टप्पा पियानोच्या तुलनेत इतका सोपा आहे की थोडी निराशाच होते, पण तोवर तुम्ही टिपणांची भाषा शिकलेला असता, म्हणून तो सोपा वाटतो.

शिडी उतरण्यापूर्वी आरोग्यखोलीत जाऊन सेव्ह करा. पलीकडे शाळा तीच असते आणि तीच नसते. गंजलेल्या जाळ्या, साखळ्या, रक्त. इथून पुढे गोळ्यांची गरज लागते, म्हणून पाइपने जे भागवता आलं ते भागवलेलं बरं.

आणखी एक वाचायची गोष्ट राहू देऊ नका. ग्रंथालयाच्या राखीव खोलीत एक परीकथेसारखं पुस्तक आहे. त्यात एक शिकारी अजस्र सरड्याला मारायला जातो, आधी त्याला डिवचतो, सरडा गिळायला जबडा पसरतो आणि शिकारी नेमका त्या उघड्या तोंडात बाण मारतो. शाळेच्या शेवटी तळघरात तुमच्यासमोर जो प्राणी येतो त्याचं डोकं मधोमध फाटून उघडतं. तो तोंड मिटून असताना गोळ्या उडवल्या तर वाया जातात. अंतर ठेवून फिरत राहा, तो थांबून जबडा उघडेल तेव्हा आत मारा.